लाल दिव्याचे एकवीस दिवस

१३ ऑक्टोबर १९५६, शनिवार. खंडेनवमी. दुपारी.

आजपासून रोजनिशी. वही एका औषध कंपनीने बाईंना भेट दिलेली, मागल्या सालची. तारखा खोडून नव्या घालतो आहे. गावच्या शाळेत आमचे मास्तर म्हणत, दिवस लिहून ठेवावा, म्हणजे माणसाला आपल्या चुका दिसतात. मला वाटते, चुका दिसल्या नाहीत तरी अक्षर सुधारेल.

संकल्प: रोज लिहीन. खोटे लिहिणार नाही.

आज गाडीची पूजा केली. गाडी डॉक्टर रमाबाईंची, सन अडतीसची विलायती, काळी. बाईंचा फणसवाडीत बाळंतपणाचा दवाखाना आहे आणि मी नऊ वर्षे त्यांचा ड्रायव्हर. गाडी पूर्वी एका पारशी गृहस्थांची होती. ते हँडब्रेक सोडायला विसरत, म्हणून त्यांनी मीटरशेजारी एक लाल दिवा बसवून घेतला. हँडब्रेकचा दांडा वर ओढला की दिवा लागतो, दांडा पार खाली बसला की विझतो. मला त्या दिव्याची गरज नाही. नऊ वर्षांत मी हँडब्रेक सोडायला दोनदाच विसरलो, आणि दोन्ही वेळा पाऊस होता.

पूजा यथासांग झाली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबे. गणपतीची सुपारी दरवर्षी गाडीपुढे पाटावर मांडतो. यंदा विचार केला. गाडीचे विघ्न कुठे असते? इंजिन बिघडले तर गाडी थांबते, त्यात कोणी मरत नाही. विघ्न असते ब्रेकात. म्हणून सुपारी गाडीच्या आत, हँडब्रेकच्या दांड्याच्या बुडाशी, विड्याच्या पानावर तांदूळ घालून मांडली. एवढा विचार करून पूजा करणारा ड्रायव्हर मुंबईत दुसरा नसेल. हे अभिमानाने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

आज यंत्र चालवायचे नसते. म्हणून हँडब्रेक सोडून गाडी ढकलत शेडमध्ये घेतली आणि दांडा पुन्हा ओढून ठेवला. शेडला कुलूप.

बाईंचा भाचा चिंतामणी आला होता. विम्याच्या ऑफिसात आहे. त्याचे नेहमीचेच: मावशी, हे धूड विकून टाक, कोपऱ्यावर टॅक्सी मिळते. बाई म्हणाल्या, गाडी नीट चालते आहे तोवर गाडी राहील आणि दत्तारामही राहील. चिंतामणी माझ्याकडे पाहून हसला. हसू दे.

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

सकाळी सात. उत्तरपूजा करायला शेड उघडली. फुले आहेत, पान आहे, तांदूळ आहेत. सुपारी नाही. सीटखाली पाहिले, पायरीवर पाहिले. कुलूप जसेच्या तसे, किल्ली रात्रभर माझ्या कमरेला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलो. आणि मनात उजेड पडला. देवाने सुपारी स्वीकारली. अंगावर काटा आला.

साडेसात. गाडी सुरू केली. हँडब्रेक खाली केला. लाल दिवा विझला नाही. दांडा परत वर घेतला, परत खाली केला. चालूच. म्हटले, सणाचा दिवस आहे, जळू दे.

संध्याकाळी लालबागेत आमच्या चाळीत सोने वाटताना सुपारीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. शेजारच्या राधाबाईंनी माझ्या किल्लीला नमस्कार केला. फक्त बकुळा, म्हणजे घरची माणसे, म्हणाली, अवो, सुपारी म्हणजे काय कापूर, उडान जावक? खंयतरी घरंगाळली आसतली.

वीस वर्षांचा संसार, पण श्रद्धा काही तिच्या वाट्याला आली नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार.

दिवा चालू. सबंध दिवस. गिरगाव ते दादर, दादर ते गिरगाव, तो माझ्याकडे पाहतो आहे आणि मी त्याच्याकडे.

बाई मागून म्हणाल्या, दत्ताराम, तो दिवा का लागलाय? मी म्हणालो, बॅटरीत जोर जास्त झाला आहे, उतरेल. बाई म्हणाल्या, आणि हा जळका वास? मी म्हणालो, लालबाग आले, मसाल्याच्या मिरच्या भाजताहेत. बाई म्हणाल्या, आपण अजून प्रार्थना समाजापाशी आहोत.

वारा तिकडून असावा.

१६ ऑक्टोबर.

दिवा चालू. मंगळवारचा उपास. बॅटरी उतरावी म्हणून दवाखान्याच्या दारात अर्धा तास गाडीचे पुढचे दिवे लावून बसलो. बॅटरी उतरली. लाल दिवा नाही उतरला. गाडी ढकलून सुरू करावी लागली.

१७ ऑक्टोबर, बुधवार. रात्री नऊ.

बाई म्हणाल्या, आनंदाला दाखवा. आनंदा म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतला मेकॅनिक. परळच्या गॅरेजात असतो आणि दहा वर्षे आमची गाडी त्याच्याच हातची. पण तो बायकोमुलांसह नागपूरला गेला आहे, बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घ्यायला. त्यांच्या अर्ध्या चाळीला कुलूप आहे म्हणे.

बरेच झाले. मीच विचार करून पाहतो. यंत्र म्हणजे तरी काय? देहच. देहात ताप आला की कपाळ तापते, पण रोग कपाळात नसतो. तसा हा दिवा. रोग दुसरीकडे कुठेतरी खोल आहे. हँडब्रेकात तो नाही, कारण हँडब्रेक मी स्वतः खाली करतो. खाली म्हणजे खाली.

संकल्प: आठ दिवसांत दिवा मी विझवीन. कोणाची मदत नको.

१८ ऑक्टोबर, गुरुवार.

आनंदा आला. बाईंनीच दवाखान्यातल्या रामूला पाठवून बोलावून घेतले होते. पांढरे स्वच्छ कपडे, आणि चेहरा असा की लांबची वाट चालून माणूस आपल्या घरी पोचला आहे. मी राम राम म्हणालो, तो जय भीम म्हणाला, आणि मग दोघेही हसलो. त्याने नागपूरच्या गर्दीचे सांगितले. लाखो माणसे, आणि एवढी शांतता. ऐकताना मलाही भरून आले.

मग तो गाडीत बसला. दांडा एकदा वर, एकदा खाली. मागच्या चाकाला हात लावला, चटका बसला तसा काढला. परत आत वाकला आणि दांड्याच्या बुडाशी कुंकू आणि तांदूळ दिसताच हात मागे घेतला.

म्हणाला, दत्तारामभाऊ, दांडा पुरता बसत नाही. दोन बोटं वरच राहतोय, म्हणून दिवा जळतोय आणि ब्रेक चाकाला घासतोय. खाली काहीतरी अडकलंय. हितं सुपारी मांडली होती का?

मी म्हणालो, मांडली होती. ती स्वीकारली गेली.

तो म्हणाला, कुणी?

मी वर पाहिले.

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, हे बघा, देवाच्या वस्तूला मी आता हात लावत नाही. तशी शपथच घेतलीय. आणि लावला तर तुम्हालाच वाईट वाटेल. तुमचं तुम्ही उचला, पुढचं दोन मिनिटांचं काम मी करतो.

मी म्हणालो, उचलायला तिथे काही नाहीच. तो म्हणाला, बरं, मग ज्यानं सुपारी नेली त्यालाच सांगा दिवा घालवायला.

मला राग आला नाही. माणूस नव्या वाटेला लागला की बोलण्यात थोडी धार येते. मी त्याला मनातल्या मनात क्षमा केली. दोन बोटे म्हणे. दोन बोटांनी काय होते?

२० ऑक्टोबर, शनिवार.

गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक काढले. मला इंग्रजी अक्षरे येतात, अर्थ सगळा येत नाही. पण चित्रे आहेत. चित्रात एक हिरवी वायर दिव्यापासून निघून ब्रेककडे जाते. पुस्तक सोळा वेळा पाहून खात्री केली आणि हिरवी वायर कापली.

दिवा चालू. हॉर्न बंद.

दुपारी लक्षात आले की पुस्तकातली चित्रे काळ्या शाईची आहेत. हिरवी मीच ठरवली होती.

२१ ऑक्टोबर.

हॉर्नशिवाय गिरगावातून गाडी नेणे म्हणजे देवळात बोलल्याशिवाय नारळ विकणे. खिडकीतून डोके काढून ओरडत गेलो. ओ मामा, बाजू. ओ ताई, गाडी. ओ हातगाडी. एक म्हातारा म्हणाला, अरे, भाजी काय आणलीयस ते तरी सांग.

बाईंनी कानात कापूस घातला होता.

२२ ऑक्टोबर, सोमवार.

उपाय सापडला. शांत मनाने बसले की सापडतोच.

दिवा विझत नाही, हा दोष नाही. दिवा दिसतो, हा दोष आहे. उदबत्तीच्या पुड्यावरचे गणपतीचे चित्र कापून दिव्यावर गोंदाने चिकटवले. आता चित्रामागून उजेड येतो आणि देवाचे पोट आतून लाल तेजाने भरते. शेडच्या अंधारात मी स्वतः हात जोडले.

२४ ऑक्टोबर, बुधवार.

यश. आज पोटुशी बाई आणि तिची सासू गाडीत होत्या. सासूने चित्र पाहिले आणि गाडी थांबेपर्यंत हात सोडले नाहीत. उतरताना सुनेला म्हणाली, बघ, इथं देव जागा आहे. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. म्हणाल्या, दत्ताराम, देवाच्या पोटात काय झालंय? मी म्हणालो, तेज आहे. बाई म्हणाल्या, मला तर तो इशारा वाटतो.

डॉक्टर माणसाला सगळीकडे आजारच दिसतो.

२५ ऑक्टोबर.

गाडी जड चालते आहे. अ‍ॅक्सिलरेटर पुरा दाबला तरी ट्राम पुढे जाते. पेट्रोल कोण पिते कळत नाही. फणसवाडीतली तीन मांजरे हल्ली गाडीच्या मागच्या चाकाला टेकून झोपतात. मुक्या प्राण्यांनाही या गाडीची ओढ लागली आहे. हवेतच काहीतरी आहे.

बकुळेला मांजरांचे सांगितले. ती म्हणाली, चाक तापता म्हणान निजतत ती. तुमची सुपारी सोधा आधी.

सुपारी, सुपारी. या घरात दुसरा विषय नाही. आता शोधायला वाकलो तर राधाबाईंना काय सांगू? त्यांनी माझ्या किल्लीला नमस्कार केलेला आहे. त्यांच्या माहेरची दोन माणसेही करून गेली. श्रद्धेचे काम असे असते की माणसाला मधेच वाकता येत नाही.

२७ ऑक्टोबर, शनिवार. रात्री.

आजचे लिहून ठेवतो.

चार वाजता निरोप आला. लालबागेत गिरणी कामगाराची बायको शेवंती, पहिलटकरीण, अडली आहे. बाई बॅग घेऊन गाडीत बसल्या. भायखळ्याच्या पुलाचा चढ लागला आणि गाडी अर्ध्यात थांबली. इंजिन चालू, गाडी जागेवर. मागून धूर. या वेळी वास मिरच्यांचा नव्हता.

त्यात संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. परळच्या सभेला निघालेली शेपाचशे माणसे, झेंडे, घोषणा. रस्ता भरलेला, टॅक्सी नाही, ट्राम उभ्या. हॉर्न वाजवावा तर हॉर्न नाही. मी खिडकीतून ओरडलो, अहो, बाळंतपणाची गाडी आहे. त्यांनी ऐकले. चांगली माणसे. वीसपंचवीस जण मागे लागले. एकजण ओरडला, गाडी हललीच पाहिजे! सगळे ओरडले, हललीच पाहिजे! तीनदा जोर केला. मागची चाके फिरेनात, नुसती फरफटली. रस्त्यावर रबराच्या दोन काळ्या रेघा.

एक गिरणीवाला आत डोकावून म्हणाला, काका, हँडब्रेक काढा. मी म्हणालो, काढलेला आहे. तो म्हणाला, कसला काढलाय, वर आहे की. मी म्हणालो, तो तितकाच खाली जातो. तो म्हणाला, मग तुम्ही आम्हाला ढकलायला लावलंत की भांडायला? आणि मागे वळून ओरडला, अरे सोडा रे, काकांनी ब्रेक लावून ठेवलाय!

सगळे हसले. मोर्चातली माणसे इतकी हसलेली मी कधी पाहिली नाहीत.

बाई खाली उतरल्या. त्या गिरणीवाल्याने त्यांची बॅग घेतली. साठ वर्षांच्या बाई, नऊवारी सावरत, मोर्चाबरोबर लालबागेपर्यंत चालत गेल्या. मी पुलावर गाडीपाशी उभा राहिलो. देवाचे पोट लाल जळत होते. इंजिन बंद केल्यावर ते फार मोठे वाटते.

शेवंती सुटली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. बाई पोचल्या तेव्हा शेजारणीने बाळ हातात घेतलेले होते, पण नाळ गळ्याभोवती होती. बाई आणखी दहा मिनिटांनी आल्या असत्या तर, असे शेजारीण म्हणाली, आणि पुढे बोलली नाही. मीही पुढे लिहीत नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार.

चाके थंड झाल्यावर गाडी ढकलत आणली. बाईंनी बोलावले. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, दत्ताराम, गाडी माझ्या हौसेसाठी नाही, पेशंटसाठी आहे. चिंतामणीने गिऱ्हाईक आणलंय, दादरचे कुशाबा कंत्राटदार. पाडव्याला बघायला येतील. तोपर्यंत हा दिवा विझला आणि चाकं मोकळी फिरली तर मी त्यांना नाही म्हणेन. नाही तर गाडी त्यांची.

आणि मी, असे विचारायचे होते. विचारले नाही. मला माहीत आहे, माझ्यावाचून बाईंचे चालणार नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाला एवढे तर कळते.

संकल्प: सहा दिवस. मागच्या संकल्पापेक्षा हा पक्का आहे.

३० ऑक्टोबर, मंगळवार.

मागची दोन्ही चाके काढली. चाके परत बसवली. एक नट उरला. कुठला ते कळले नाही, म्हणून जपून ठेवला आहे.

उपास.

३१ ऑक्टोबर.

दांड्याच्या बुडाला कातड्याचे आवरण आहे, एका बाजूने फाटलेले. फटीतून आत खोबरेल तेल ओतले. आतून काहीतरी गडगडल्यासारखे वाजले. ब्रेकाचा दात असावा. दांडा आता एकच बोट वर राहतो! दिवा चालू, पण पूर्वीपेक्षा मवाळ. मी दोन तास पाहत बसलो. निश्चित मवाळ.

बकुळेला म्हणालो, जिंकत आणले. ती म्हणाली, बोट घालून बघा मरे एकदा. मी म्हणालो, बोट घालून देव सापडत नाही. ती म्हणाली, सुपारी सापडता.

१ नोव्हेंबर, गुरुवार.

आजपासून द्विभाषिक राज्य. आमच्या चाळीने निषेध म्हणून आकाशकंदील लावायचा नाही असे ठरवले. मला सगळे म्हणाले, दत्ताराम, तुम्ही तरी काही बोला. मी म्हणालो, माझ्या डोक्यावर आधीच एक दिवा आहे, तो विझेना, तुम्हाला लावायचा नाही. कोणाला कळले नाही.

दांडा परत दोन बोटे वर आला आहे.

२ नोव्हेंबर.

दिवा चालू.

३ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.

सविस्तर लिहितो. खोटे लिहिणार नाही असा संकल्प आहे.

दहा वाजता कुशाबा कंत्राटदार आले. धिप्पाड, धोतर, कोट. चिंतामणी बरोबर. कुशाबा गाडीत बसले, गणपतीचे चित्र पाहून हात जोडले, आणि मग म्हणाले, मागं बल्ब का ठेवलाय? मी त्यांना समजावून सांगितले: देह, ताप, कपाळ, तेज. दहा मिनिटे. ते म्हणाले, ड्रायव्हर कीर्तन बरं करतात.

बाईंनी आनंदालाही बोलावले होते. तो हात मागे बांधून उभा. बाई म्हणाल्या, आनंदा, तू पंधरा दिवसांपूर्वी पाहिलंस ना, मग केलं का नाहीस? तो म्हणाला, बाई, मी सांगितलं होतं. देवाचं आहे, ज्यानं ठेवलं त्यानं उचलावं. बाई माझ्याकडे वळल्या. काय ठेवलंत, दत्ताराम?

सांगावे लागले. सुपारी. स्वीकार. कुलूप. राधाबाई. सगळे सांगितले. चिंतामणी तोंडाला रुमाल लावून फाटकापाशी गेला.

बाई म्हणाल्या, रामू, टॉर्च आण. मग चष्मा वर केला, पदर खोचला आणि गाडीत वाकल्या. कातडे बाजूला केले. म्हणाल्या, उजेड इकडे. आनंदा म्हणाला, टॉर्च धरायला माझी हरकत नाही. त्याने टॉर्च धरली. बाईंनी आत पाहिले आणि त्यांचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला. म्हणाल्या, आहे. डोकं दिसतंय. आडवं नाही. रामू, माझा लांब चिमटा.

चिमटा आला. बाई म्हणाल्या, दत्ताराम, दांडा हळू वर घ्या. हळू. आता थांबा. आता परत थोडा. घाई नको. माझ्या कपाळावर घाम. नऊ वर्षांत मी बाईंना कित्येक बाळंतपणांना पोचवले, आत कधी गेलो नव्हतो. आज कळले आत काय होते ते.

दहा वाजून चाळीस मिनिटे. बाईंनी हात बाहेर काढला. चिमट्यात सुपारी. तेलाने काळी, वर कुंकवाचा डाग अजून तसाच. बाई म्हणाल्या, सुखरूप. वजन जरा कमी आहे.

आनंदा मोठ्याने हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला. म्हणाला, दत्तारामभाऊ, आता दांडा सोडा.

सोडला. पार खाली गेला. खट्‌ असा आवाज. गणपतीचे पोट विझले.

मी मनात मोजले. खंडेनवमी ते पाडवा. एकवीस दिवस. एकवीस! आकडा पाहावा. म्हणजे देव कुठे गेलेच नव्हते, एकवीस दिवस ब्रेकातच होते, मी ठेवले तिथेच. माझे म्हणणे खरेच ठरले. हे मी बाईंना सांगणार होतो, पण कुशाबा मधे बोलले.

ते म्हणाले, डॉक्टरीणबाई, गाडीत एवढाच बिघाड होता होय? मग गाडी लाखात एक आहे. आपलं ठरलं. त्यांनी आनंदाकडून माझी हिरवी वायर जोडून घेतली, उरलेला नट जागी बसवून घेतला, हॉर्न दोनदा वाजवून पाहिला. सुंदर वाजला.

मी म्हणालो, बाई, दिवा विझला. चाके मोकळी आहेत. तुम्ही म्हणाला होतात.

बाईंनी वर केलेला चष्मा खाली घेतला. मग म्हणाल्या, दत्ताराम, दिवा विझला, पण कोणी विझवला? तो एकवीस दिवस तुमच्याशी बोलत होता. आनंदा बोलला, मोर्चातला माणूस बोलला. तुमच्या घरातही कोणीतरी बोललं असेलच. परवा ती मुलगी निळी पडायला आली होती.

मी बकुळेचे नाव सांगितले नाही.

कुशाबांनी स्वतःच गाडी काढली. त्यांना ड्रायव्हर लागत नाही. फणसवाडीच्या वळणावर गाडी इतकी हलकी वळली की ओळखू आली नाही. तिन्ही मांजरे रिकाम्या शेडपाशी बसून होती.

बाईंनी चिमटा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, उद्यापासून अवजारं उकळायचं काम तुमचं. दारावरही माणूस हवाच आहे. हा आधी उकळा. वीस मिनिटं, घड्याळ लावून.

सुपारी रुमालात बांधून घरी आणली. बकुळेने पाहिली. मला वाटले, आता बोलणार. बोलली नाही. रुमाल घेतला आणि तेलाचा डाग धुवायला बसली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

४ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

सकाळी सहा. सुपारी चौपाटीला विसर्जन केली. राधाबाईंना काही सांगितले नाही.

चिमटा काल वीस मिनिटे उकळला होता. आज पुन्हा चाळीस मिनिटे उकळला.

साडेनऊ. दादरहून बोलावणे आले. बाई म्हणाल्या, टॅक्सी आणा. कोपऱ्यावरून आणली. बाईंची बॅग आत ठेवली, मागचा दरवाजा उघडला, बाई बसल्या, दरवाजा लावला. मग नेहमीसारखा पुढून वळसा घालून माझ्या बाजूला गेलो आणि दार उघडले. तिथे माणूस बसला होता.

तो म्हणाला, काय काका?

बाई मागून पाहत होत्या. काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, काही नाही, हँडब्रेक खाली आहे ना, तेवढे बघायला आलो.

तो म्हणाला, खाली केल्याशिवाय गाडी निघेल का, काका?

मी दार लावले. गाडी निघाली.